हवाई अंतर सांगणारी सेवा : अंतर चोख, वेळ मात्र ढोबळ

दोन विमानतळांची तीन अक्षरी सांकेतिक नावे टाकली की त्यांच्यामधील हवाई अंतर आणि प्रवासाला लागणारा अंदाजे वेळ सांगणारी एक मोफत ऑनलाइन सेवा मी गेले वर्षभर नियमितपणे वापरत आहे. अंतराच्या बाबतीत ती मला मनापासून आवडली. वेळेसाठी मात्र तिच्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

लंडनच्या हीथ्रोपासून न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळापर्यंतचे अंतर ती सुमारे ५,५४० किलोमीटर दाखवते आणि पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल मानून हा आकडा काढल्याचे खालीच नमूद करते. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगीर आणि ध्रुवांशी किंचित चपटी असल्याने, तो आकार जमेस धरणारे दुसरे सूत्र निवडले की हेच अंतर ५,५५५ च्या आसपास जाते. प्रवाशाला पंधरा किलोमीटरने काही फरक पडत नाही, पण हिशेब कशावर बेतला आहे हे उघड सांगण्याचा चोखपणा मला फार मोलाचा वाटतो. सागरी मैलांतही (एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर) उत्तर मिळते. नकाशावरची रेषा उत्तरेकडे कमानीसारखी वळलेली दिसते, त्यामुळे प्रथम मला ती चूकच वाटली होती. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तेव्हा तो आपोआप त्याच वाटेने गेला.

वेळेचा हिशेब मात्र फारच ढोबळ आहे. अंतराला ताशी ८५० किलोमीटरने भागायचे आणि चढण्या-उतरण्यापोटी अर्धा तास मिळवायचा, एवढीच ही रीत असल्याने वरील प्रवासाला जाताना सात तास आणि येतानाही सातच तास दाखवले जातात. प्रत्यक्षात अटलांटिकवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वायुझोत परतीच्या विमानाला पुढे ढकलतो आणि जाणाऱ्या विमानाला अडवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या साथीने एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते, तर उलट दिशेच्या प्रवासाला वेळापत्रकात साधारण आठ तास धरलेले असतात. अगदी छोट्या अंतरावर तर ही रीत पूर्णच कोलमडते. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांतील वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे अंतर तीन किलोमीटरहूनही कमी असून तिथल्या विमानाला वेळापत्रकात दोन मिनिटे दिलेली असतात; ही सेवा तिथेही अर्धा तास सांगते.

गेल्या हिवाळ्यात वडील पश्चिमेकडे जाणाऱ्या अशाच लांबच्या विमानाने येत होते. विमान सुटल्याच्या वेळेत मी या सेवेचा आकडा मिळवला आणि त्यानुसार त्यांना घ्यायला गेलो. वेळापत्रकातला वेळ विमान दारापासून हलल्यापासून पुन्हा दाराशी लागेपर्यंतचा असतो, धावपट्टीपर्यंतची रांगही त्यातच येते, याची तेव्हा मला कल्पना नव्हती. वडील बाहेर येईपर्यंतचा तास-सव्वा तास अत्यंत काळजीत गेला.

जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळा दाखवावा आणि गृहीत धरलेला वेग आकड्याच्या शेजारीच लिहावा, अशी विनंती मी सेवेच्या चालकांना पाठवली आहे. अंतरासाठी मी आजही तीच सेवा उघडतो.