ग्वाल्हेरचा किल्ला : पायी चढावा आणि आतून पाहावा

ग्वाल्हेर शहराच्या लष्कर या भागात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींकडे पाहुणे आले की त्यांना गाडीने उरवाई दरवाजातून वर नेण्याची पद्धत आहे. मागील महिन्यात पुण्याहून आलेल्या मावशींना मात्र मी पूर्वेकडील ग्वाल्हेर दरवाजाने पायी नेले, आणि हा किल्ला पाहण्याचा योग्य मार्ग तोच आहे असे माझे स्पष्ट मत झाले. चढ दमवणारा असल्यामुळे ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी गाडीचाच विचार करावा.

या वाटेवर आलमगिरी दरवाजापासून हत्ती पोळपर्यंत एकामागून एक दरवाजे लागतात, आणि वर सरकताना आपण सतत तटावरील पहारेकऱ्यांच्या नजरेखाली आहोत ही जाणीव सुटत नाही. वाटेतच अखंड खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर आहे. इसवी सन ८७६ च्या तेथील शिलालेखात शून्य अंकरूपाने कोरलेले आहे, तरी बहुतेक लोक दम खाण्यापुरतेच तेथे थांबतात. डोंगराचे कडे हेच येथील पहिले संरक्षण असून तट त्यांच्या माथ्यावरून फिरवला आहे. तरीही किल्ला शिंद्यांकडे असताना, ऑगस्ट १७८० मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन पॉपहॅमच्या तुकडीने रात्री शिड्या लावून तो घेतला, हे तटाखाली उभे राहून आठवले की त्यांनी चढलेले अंतर नीट कळते.

ग्वाल्हेरचे राजे मानसिंह तोमर यांच्या मान मंदिर या महालाची पूर्वेकडील भिंत म्हणजे किल्ल्याचा तटच आहे. निळ्या फरशांचे पट्टे आणि पिवळ्या बदकांची रांग शत्रूच्या बाजूने मिरवणारा असा तट मी दुसरीकडे पाहिलेला नाही. रायगडावर राजवाड्याची जोती पाहून खोल्या मनात उभ्या कराव्या लागतात. येथे दोन चौक, त्यांच्याभोवतीची छताला आधार देणाऱ्या नक्षीदार दगडी तोड्यांची दालने आणि दगडी जाळ्या छतासकट शाबूत आहेत. दालने मात्र अपेक्षेपेक्षा लहान आहेत. मावशी म्हणाल्या, ‘‘अगं, राजाचं घर म्हणावं तर आपल्या वाड्यातलं माजघर याहून मोठं होतं!’’

चौकांखाली दोन मजले तळघरे आहेत. मोगल काळात या महालाचा कैदखाना झाला. औरंगजेबाचा भाऊ मुराद याच किल्ल्यात कैदेत होता आणि १६६१ मध्ये येथेच त्याला मारण्यात आले. आम्ही घेतलेल्या वाटाड्याने छळाच्या कथांवर पाऊण तास खर्च केला. भिंतींतील हवेचे झरोके, ज्यांमुळे भर मे महिन्यातही खाली गारवा जाणवतो, ते मी विचारल्यावर त्याने घाईने दाखवले. वाटाडा घ्यायचाच असेल, तर तो दरवाजांची माहिती देईल का, हे आधी विचारून घ्यावे. तळघराचे जिने अरुंद आणि अंधारे आहेत, म्हणून हातात विजेरी असावी आणि पायांत घट्ट बसणारे बूट असावेत.