जुन्या सेडानचं सस्पेन्शन किनाऱ्यावर: कंपनीचा पार्ट, बाजारातला, की रिपेअर केलेला?

घाटावरचा माणूस जुन्या गाडीचं सस्पेन्शन करायला काढतो तेव्हा दोन दुकानांतले भाव विचारतो आणि ठरवून मोकळा होतो. दापोली, गुहागर, मालवण, वेंगुर्ल्याकडच्या माणसाला आणखी एक भाव धरावा लागतो, तो म्हणजे बोल्ट सोडवण्याचा. कोणता पार्ट घ्यायचा, याचं माझं उत्तर बहुतेक वेळा त्या भावावरूनच ठरतं.

इथे बोलतोय ते डिझायर, होंडा सिटी, इटिऑस, व्हेंटो अशा दहा-पंधरा वर्षं जुन्या सेडानबद्दल. यांची मांडणी साधारण सारखीच आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअप (शॉक अॅब्सॉर्बर) आणि स्प्रिंग एकातच, आणि खाली चाकाला बॉडीशी जोडणारा एक लोखंडी हात, म्हणजे लोअर आर्म. मागे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा टॉर्शन बीम, त्यावर स्प्रिंग आणि शॉकअप. इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, चाकांना ओढही पुढूनच आणि ब्रेकचा मोठा भारही पुढेच. त्यामुळे खर्चाची सुरुवात पुढून होते. मागचा बीम बिचारा वर्षानुवर्षं काही मागत नाही.

आता तो बोल्ट. लोअर आर्मच्या बुशमध्ये, म्हणजे आर्म गाडीला लागतो तिथल्या रबरी सांध्यात, रबराच्या आत एक लोखंडी नळी असते आणि बोल्ट तिच्यातून जातो. खारी हवा आणि 3000 मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस यांनी काही वर्षांत नळी आणि बोल्ट एकजीव होतात. मिस्त्री पाना लावतो, डोकं फिरतं, पण बोल्टबरोबर नळी फिरते आणि नळीबरोबर रबर पिळत जातं. बाहेर काही येत नाही. मग डब्ल्यूडी-40, मग हातोडा, मग ग्राइंडर. अर्ध्या तासाचं काम दुपारच्या जेवणापलीकडे जातं आणि संध्याकाळी त्या मापाचा नवा बोल्ट शोधायला कोणीतरी तालुक्याला जातो. दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडले फेरीबोटीने नेहमी येजा करणाऱ्यांना हे जास्त भोगावं लागतं. भरतीला जेटीचा उतार ओला असतो आणि चाकांनी उडवलेलं खारं पाणी थेट या बोल्टांवर बसतं. फेरीबोटीतून उतरल्यावर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने गाडी धुणं हा या सगळ्यातला सर्वात स्वस्त उपाय, आणि तोच कोणी करत नाही.

तेव्हा हिशेब असा: जी जागा एकदा खोलायला एवढा त्रास, ती दुसऱ्यांदा लवकर खोलावी लागू नये. पुढची सगळी तुलना या मापाने वाचा.

शॉकअप

पर्याय तीन. डीलरकडून कंपनीच्या डब्यातला, बाजारातून गॅब्रिएल, मन्रो, केवायबी यांसारख्या मेकचा, किंवा जुनाच कापून ऑइल-सील बदलून पुन्हा बंद केलेला.

तिसऱ्याचा मोह सगळ्यात जास्त, कारण तो नव्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. पण आपल्याकडे तो का टिकत नाही ते जुना स्ट्रट हातात घेऊन बघा. वरचा रबरी बूट फाटलेला असेल तर आतला चकचकीत रॉड उघडा पडलेला असतो. त्यावरून नख फिरवा. बारीक खड्डे लागले, नख अडकलं, की विषय संपला. तो क्रोम खाऱ्या हवेने खाल्लाय. त्या रॉडवर कितीही नवा सील चढवा, दर खड्ड्याला रॉड वरखाली होताना तो सील कापत जाणार. शिवाय गॅसच्या शॉकअपमध्ये ऑइलवर नायट्रोजनचा दाब असतो, सलग खड्ड्यांत ऑइलचा फेस होऊ नये म्हणून. गावातल्या रिपेअरमध्ये तो दाब सहसा परत भरला जात नाही. मग गाडी पहिले काही किलोमीटर ठीक वाटते आणि महामार्गावरच्या एखाद्या लांबलचक डायव्हर्जनवर डुलायला लागते. आणि स्ट्रट उतरवण्याची, स्प्रिंग दाबून काढण्याची, चाकांच्या अलाइनमेंटची मजुरी रिपेअरच्या शॉकअपला तेवढीच लागते, नव्यालाही तेवढीच. पार्ट कुठेच मिळत नाही अशी दुर्मीळ गाडी असेल आणि रॉड गुळगुळीत असेल, तर आणि तरच रिपेअर.

कंपनीचा की बाजारातला, हा प्रश्न तेवढा सोपा नाही. शॉकअप बनवणारेच काही कारखाने गाडीच्या कंपन्यांनाही माल देतात आणि स्वतःच्या डब्यातूनही विकतात. त्यामुळे ‘बाहेरचा म्हणजे हलका’ असं सरसकट म्हणण्यात अर्थ नाही. खरी गडबड होते ती व्हेरिएंटमध्ये. डिझेल इंजिन जड, म्हणून त्याच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेलचे पुढचे स्ट्रट आणि स्प्रिंग वेगळे असू शकतात. डीलर चासी नंबर टाकून पार्ट काढतो. बाजारात दुकानदार ‘डिझायर ना? हा घ्या’ म्हणतो. बाजारातून घेणार असाल तर जुन्या पार्टवरचा नंबर जुळवून घ्या आणि पक्कं बिल मागा. बिल द्यायला कुरकुर करणाऱ्याकडचा डबा कितीही ओळखीचा दिसला तरी उचलू नका.

माझा कल असा: मागच्या सीटवर आई-वडील बसत असतील आणि गाडी जास्त करून गावात आणि दवाखान्यापर्यंत जात असेल, तर कंपनीचा. तुम्ही आंबा घाट, कुंभार्ली घाट चढून महिन्यातून दोन-तीनदा कोल्हापूर-कराडला जाणारे असाल, तर चांगल्या मेकचा गॅसचा. थोडा कडक लागतो, पण वळणांवर गाडी कमी झुकते. जोडीने बदला, एक नवा आणि एक जुना असं नको. बरोबर वरचं माउंटिंग, त्यातलं बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की आपटू न देणारं रबर) आणि डस्ट बूट हे सगळं नवं घ्या. हे नेमकं राहतं, कारण ते शॉकअपच्या डब्यात येत नाही आणि मिस्त्री म्हणतो, ‘जुनंच चांगलं आहे, घालू या.’ महिन्याभरात जागच्या जागी स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टंग्’ करते, म्हणजे तेच बेअरिंग. परत सगळं खोला.

शॉकअप गेलाय की नाही, याबद्दल एक-दोन गोष्टी. अंगावर किंचित तेलकट ओलसरपणा चालतो. ऑइल ओघळून त्यावर मातीचा थर बसला असेल तर गेला. बॉनेट दाबून गाडी किती हिंदकळते ते बघण्याची रीत पूर्ण मेलेल्या शॉकअपलाच पकडते, अर्धमेल्याला नाही.

लोअर आर्म: अख्खा, नुसता बुश, की पीयू?

इथे मी अख्ख्या आर्मच्या बाजूने आहे. बऱ्याच गाड्यांत बॉल जॉइंट, म्हणजे आर्मला चाकाशी जोडणारा गोल सांधा, आर्मलाच बसवलेला येतो, तेव्हा बुश गेले असतील तर बॉल जॉइंटही त्याच वयाचा असतो. नुसता बुश स्वस्त, कबूल. पण तो बसवायला प्रेस मशीन लागतं आणि ते गावातल्या प्रत्येक गॅरेजमध्ये नसतं. हातोड्याने ठोकून बसवलेला बुश तिरका बसतो आणि ते लगेच कळतही नाही. वर तो गंजलेला बोल्ट एकदा कापून काढल्यावर पुन्हा वर्षभरात बॉल जॉइंटसाठी तिथेच हात घालायचा, हे परवडत नाही. आर्म जुना पण सरळ असेल, बॉल जॉइंट घट्ट असेल आणि प्रेसवाला ओळखीचा असेल, तर बुश बदलायला हरकत नाही.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे बुश, याबद्दल हल्ली बरंच बोललं जातं. टिकतात, ऑइलने खराब होत नाहीत, स्टिअरिंग नेमकं वाटतं. पण आर्मचा मागचा बुश मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. चाक खड्ड्यात आपटलं की ते थोडं मागे सरकावं आणि धक्का तिथेच जिरावा, हे त्याचं काम. तिथे कडक पीयू घातलं की तो धक्का बॉडीपर्यंत जातो. वर ग्रीस सुकलं की कुरकुर. कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर जोरात हाकणाऱ्याला ते शोभेल. घरापर्यंत उतरणारा जांभ्याचा कच्चा रस्ता असलेल्या फॅमिली गाडीला मी रबरच सुचवीन.

काहीही बसवा, पण एक गोष्ट गॅरेजमध्ये उभं राहून बघा. आर्मचा बोल्ट शेवटचा आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं. लिफ्टवर चाकं लोंबत असताना आवळला, तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं. नवे बुश लवकर फाटतात त्यातले बरेच असे फाटतात, दोष कंपनीवर जातो. रॅम्प किंवा खड्डा नसेल तर आर्मखाली जॅक लावून वजन घेता येतं. नवा बोल्ट घालताना त्याच्या गुळगुळीत भागाला पातळ ग्रीस लावायला सांगा. पुढचा मिस्त्री दुवा देईल.

बॉल जॉइंटच्या बाबतीत मात्र बचत नको. चाक उचलून घड्याळातल्या बाराच्या आणि सहाच्या जागी धरून हलवा. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. तीन आणि नऊच्या जागी हलवताना खेळ आला तर टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा. बॉल जॉइंट निसटला तर चाक बाहेर पडून गाडी जागीच बसते, आणि हे कशेडीच्या किंवा परशुरामच्या उतारावर होऊ नये.

आधी हे स्वस्तातलं

शॉकअपचा आवाज म्हणून जो खडखडाट घेऊन लोक येतात, तो पुष्कळदा लिंक रॉडचा निघतो, म्हणजे अँटी-रोल बारला (वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या आडव्या दांड्याला) जोडणाऱ्या बारीक दांड्याचा. बारीक खडीवर, कमी वेगात ‘खट-खट-खट’ असेल तर आधी लिंक रॉड आणि अँटी-रोल बारचे रबर बघा. यांना अलाइनमेंट लागत नाही, खर्चही शॉकअपच्या मानाने किरकोळ. पूर्ण स्टिअरिंग वळवून निघताना ‘टक-टक’ येत असेल तर तो सस्पेन्शनचा विषयच नाही, सीव्ही जॉइंट आहे, म्हणजे इंजिनची ओढ चाकापर्यंत नेणारा सांधा. त्याचा बूट फाटला त्याच आठवड्यात बदलला असता तर नव्या बुटावर आणि ग्रीसवर भागलं असतं.

स्प्रिंगमधले रबर

मागून बसलेल्या गाडीला स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी स्पेसर घालण्याची टूम आहे. मे महिन्यात डिकीत हापूसच्या पेट्या भरून मुंबईला जाणाऱ्यांना त्याचा मोह होतो. पाच डझनाची लाकडी पेटी पंधरा-वीस किलोला जाते, सहा पेट्या आणि मागे तीन माणसं म्हणजे बंपर रस्त्याला टेकायला आलाच. स्पेसरने गाडी उचलते हे खरं. पण वेढा अडकल्यामुळे उरलेल्या वेढ्यांवर ताण वाढतो आणि आपल्याकडे स्प्रिंग तुटते ती तशीही खालच्या वेढ्यात, जिथे खडीने रंग उडालेला असतो आणि पाणी साचतं. वर्षातून एका फेरीसाठी पेट्या एसटी पार्सलने किंवा ट्रान्सपोर्टने पाठवाव्यात. स्प्रिंग खरोखर बसली असेल तर नवी जोडी घाला.

कुठे आणि कधी

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये लिफ्ट, प्रेस, टॉर्क रेंच हे सगळं असतं, पण ते अख्खी असेम्ब्ली बदलण्याकडे झुकतात. या एका कामात ते झुकणं तुमच्या फायद्याचं आहे. गावातला चांगला मिस्त्री आवाज ओळखण्यात त्यांच्या पुढे असतो. मी निदान गावात करून घेतो आणि आर्म-स्ट्रटचं काम प्रेस आणि लिफ्ट असेल तिथे.

मे महिन्यात फक्त रबरं तपासून घ्या: सीव्ही बूट, टाय रॉडचे बूट, शॉकअपचे डस्ट बूट. मोठं काम दिवाळीनंतर. पावसाआधी केलेली अलाइनमेंट गणपतीपर्यंत खड्ड्यांत निघून जाते. बॉल जॉइंट सैल असेल तर मात्र मुहूर्त बघायचा नाही.

आणि पार्ट मागवण्याआधी बॉनेट उघडून स्ट्रटचं वरचं टोक जिथे बॉडीला बसतं त्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरची मागची मूठ आपटून बघा. खाली जाऊन आर्म जिथे क्रॉसमेंबरला, म्हणजे खालच्या आडव्या लोखंडी चौकटीला, लागतो तिथेही तसंच. टणक आवाज आला तर वरचं सगळं लागू. पापुद्रे सुटले, मूठ आत दबली, तर त्या गाडीत नवा शॉकअप घालू नका. आधी डेंटिंगवाल्याला दाखवा, आणि त्याने मान हलवली तर गाडी विकायला काढा.