गाडीतला जुना नॅव्हिगेटर बदलावा का? नव्या युनिटचा काही महिन्यांचा अनुभव

आमची गाडी २०१६ची आहे. डॅशबोर्डमध्ये कंपनी फिटेड नॅव्हिगेटर होता, नकाशे एसडी कार्डात, आणि शेवटचं अपडेट २०१८चं. गाडी उत्तम आणि स्क्रीनला एक ओरखडाही नाही, त्यामुळे चांगली चालणारी वस्तू काढायची का, यावर घरात बरेच दिवस खल चालला होता. शेवटी २०२५च्या दिवाळीआधी अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले (फोनवरचा नकाशा गाडीच्या स्क्रीनवर दाखवणाऱ्या सोयी) चालणारं नवं युनिट बसवून घेतलं. माझ्या भावाकडे याच मॉडेलची गाडी आहे आणि त्याने जुनाच नॅव्हिगेटर ठेवला आहे. आम्ही बरेचदा एकत्र निघतो, त्यामुळे दोन्हींची तुलना त्याच रस्त्यावर, त्याच दिवशी करता आली.

माझं मत आधीच सांगतो. यंत्र किती जुनं आहे ते पाहू नका, नकाशा किती जुना आहे ते पाहा.

सासुरवाडी संभाजीनगरला असल्याने ठाण्याहून आमचा नेहमीचा रस्ता आता समृद्धी महामार्ग. त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला आणि इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला. म्हणजे २०१८च्या नकाशात हा ७०१ किलोमीटरचा रस्ता मुळी नाहीच. भावाच्या गाडीत बसलो की दिसतं: आमणेनंतर गाडीचा बाण रस्ता सोडून कोऱ्या हिरव्या पट्ट्यावर चालू लागतो, मध्येच एखादी गावाकडची वाट आडवी जाते आणि यंत्र यू-टर्न घ्यायला सांगतं. वहिनी आवाज बंद करून टाकते. पोहोचायची वेळही जुन्या नाशिक रस्त्याच्या हिशोबाने दाखवत असल्यामुळे तिचा काही उपयोग नाही. १२ जानेवारी २०२४ला सुरू झालेल्या अटल सेतूवर तर बाण सरळ समुद्रात. पुण्यात चांदणी चौकाचा जुना पूल २०२२मध्ये पाडला आणि पुढच्या वर्षी नवे उड्डाणपूल, रॅम्प झाले. तिथे जुन्या नकाशावर विसंबलं तर कोथरूडला जायचं सोडून माणूस साताऱ्याच्या दिशेने लागेल.

नव्या युनिटमध्ये नकाशा फोनमधून येतो, त्यामुळे हा प्रश्नच संपला. पुढे ट्रॅफिक तुंबलंय का हे कळतं, आणि घोडबंदर रोडवर रोज जा-ये करणाऱ्याला तेवढ्यासाठीसुद्धा पैसे वसूल वाटतील. बेसमेंट पार्किंगमधून गाडी बाहेर काढल्यावरचा फरकही मोठा आहे. जीपीएस उपग्रहाच्या कक्षेची माहिती त्याच्या संदेशातून दर ३० सेकंदांनी पुन्हा पुन्हा येते आणि स्थान ठरवायला किमान चार उपग्रह लागतात. गाडी चार दिवस उभी असली की जुन्या यंत्राला हे सगळं आकाशातून नव्याने गोळा करावं लागतं आणि त्यात वेळ जातो. फोन तीच माहिती नेटवर्कवरून घेतो, म्हणून सोसायटीच्या गेटपर्यंत बाण जागेवर आलेला असतो.

पण जुन्या युनिटची एक गोष्ट मला खरोखर आठवते. ते गाडीच्या चाकांचा वेग आणि वळण मोजणारा सेन्सर वापरायचं. बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, तरी बाण बिनचूक पुढे सरकायचा. इगतपुरी–कसारा भागातल्या समृद्धीच्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यात फोनचा बाण कधी अडतो, कधी अंदाजाने धावतो आणि बाहेर आल्यावर उडी मारून जागेवर येतो. भावाच्या गाडीत रस्ता नकाशात नसूनही बाण शांतपणे चालत राहतो. बांधणी पक्की, फक्त नकाशा नाही. याचंच जास्त वाईट वाटतं.

घाटात रेंज जाते तेव्हा जुन्या यंत्राला काहीच फरक पडत नाही. फोनवर मात्र त्या भागाचा ऑफलाइन नकाशा घरूनच उतरवून ठेवावा लागतो. ताम्हिणीतून खाली उतरताना आम्ही तो वापरला आणि नीट चालला. फक्त ट्रॅफिक दिसलं नाही. वरंध घाट पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने वरचेवर बंद असतो. तिथे नव्या-जुन्या कुठल्याच नकाशावर विसंबू नये, भोरला थांबून विचारावं.

भावाच्या युनिटमध्ये आणखी एक दुखणं निघालं. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी १,०२४ झाली की पुन्हा शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ला ती दुसऱ्यांदा शून्यावर आली. काही यंत्रांना फटका तेव्हाच बसला, काहींना त्यांच्या सॉफ्टवेअरप्रमाणे नंतर. गेल्या वर्षी जूनमध्ये भावाची स्क्रीन १,०२४ आठवडे मागचा ऑक्टोबर २००५ दाखवत होती. स्थान अचूक, पण सूर्यास्त ऑक्टोबरचा धरल्यामुळे लख्ख उजेडात सहाच्या सुमारास स्क्रीन रात्रीच्या काळ्या रंगात जायची आणि उन्हात काही दिसायचं नाही. सॉफ्टवेअरचं अपडेट निघालं असेल तरच हे सुधारतं.

नवं युनिट बसवताना कपलर टू कपलर (गाडीच्या मूळ प्लगलाच जोडायच्या) फिटिंगचाच आग्रह धरा, वायर कापू देऊ नका. स्टिअरिंगवरची बटणं आणि रिव्हर्स कॅमेरा दुकानातून निघण्याआधी चालवून बघा. आमच्या फिटिंगवाल्याने कॅमेऱ्याचं कनेक्शन राहू दिलं होतं, ते तिथल्या तिथे करून घेतलं. वायरलेस जोडणीत फोन चांगलाच तापतो, त्यामुळे लांबच्या प्रवासात मी केबलच लावतो. केबल मात्र चांगली घ्या. हलक्या केबलवर ऐन उड्डाणपुलाच्या तोंडाशी स्क्रीन कोरी होते.

तुमच्या गाडीच्या नकाशाला अजून अपडेट मिळत असेल आणि त्याची किंमत नव्या युनिटच्या निम्म्याहून कमी असेल, तर मी जुनंच ठेवायला सांगेन, विशेषतः कोकणात किंवा घाटमाथ्यावर वरचेवर जाणं असेल तर. पैसे देण्याआधी अपडेटच्या एसडी कार्डावर समृद्धीचा आमणेपर्यंतचा पूर्ण रस्ता आणि अटल सेतू दिसतो का, हे सर्व्हिस सेंटरमध्ये स्क्रीनवर दाखवायला लावा. नुसतं ‘लेटेस्ट आहे’ म्हणाले तर घेऊ नका. आम्हाला सांगितलेली कार्डाची किंमत साध्या नव्या युनिटच्या जवळपास जात होती, आणि त्यात कुठल्या वर्षापर्यंतचे रस्ते आहेत हे कोणी लिहून द्यायला तयार नव्हतं. आमचा निर्णय तिथेच झाला. भाऊ आता त्याच फिटिंगवाल्याकडून कोटेशन घेतोय.