ई२-बीएसए : मेंदूच्या धमनीवर वापरण्याआधी गाळून घ्यावे असे रसायन

ई२-बीएसए या नावाने विकली जाणारी पावडर म्हणजे एस्ट्रॅडिओल हे स्त्री-संप्रेरक गाईच्या रक्तद्रवातील अल्ब्युमिनला रासायनिक बंधाने जोडून तयार केलेले संयुग होय. एस्ट्रॅडिओलचा रेणू जेमतेम २७२ डाल्टनचा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) आणि स्निग्ध पदार्थांत विरघळणारा असल्याने तो पेशीपटलातून सहज आत शिरतो. अल्ब्युमिन मात्र सुमारे ६६,००० डाल्टनचे आहे आणि त्याला हा मार्ग बंद असतो. त्यामुळे या संयुगाने काही मिनिटांत परिणाम दिसला, तर तो केंद्रकापर्यंत न जाता पेशीच्या बाहेरूनच घडला, असे म्हणता येते. विक्रेत्यांचा दावाही नेमका हाच आहे. उंदराच्या मेंदूतील मध्य धमनीवर हे रसायन वापरल्यानंतर आमचे मत असे झाले आहे की दावा तत्त्वतः खरा असला, तरी बाटली उघडून थेट वापरल्यास तो खरा ठरत नाही.

हे रसायन विकत घेण्यामागचा प्रश्न महत्त्वाचा आहे : एस्ट्रॅडिओल धमनीतील चॅनेलवर पेशीच्या बाहेरूनच परिणाम करते का? मेंदूच्या लहान धमन्या आतील दाबाला प्रतिसाद म्हणून स्वतः आकुंचन पावतात आणि या आकुंचनाला आवर घालण्याचे काम बऱ्याच अंशी बीके नावाचे पोटॅशियम चॅनेल, म्हणजे पेशीपटलातील पोटॅशियमचे दार, करते. स्नायूपेशीतील कॅल्शियमच्या साठ्यातून ठिणगीसारखा क्षणिक स्राव झाला की जवळची बीके चॅनेल उघडतात, पोटॅशियम बाहेर पडते, पेशीपटलाचा विद्युतदाब अधिक ऋण होतो, कॅल्शियम आत आणणारी एल-प्रकारची चॅनेल मिटतात आणि धमनी रुंदावते. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत या चॅनेलच्या मुख्य अल्फा घटकाला बीटा-१ नावाचा साहाय्यक घटक जोडलेला असतो. १९९९ मध्ये वाल्व्हेर्दे आणि सहकाऱ्यांनी दाखवले की एस्ट्रॅडिओल या बीटा घटकाला चिकटून चॅनेल उघडते, दोन्ही घटक हजर असतील तरच उघडते आणि पटल ओलांडू न शकणाऱ्या प्रथिनाला जोडलेल्या एस्ट्रॅडिओलनेही ते उघडते. दोन वर्षांनी बीटा-१ नसलेल्या उंदरांवरील कामातूनही या घटकाची गरज स्पष्ट झाली. यासाठी लागणारी संहती मात्र मायक्रोमोलर पातळीची आहे, तर मासिक पाळीच्या काळात रक्तातील एस्ट्रॅडिओल फार तर एक-दोन नॅनोमोलरपर्यंत (नॅनोमोलर म्हणजे मायक्रोमोलरचा हजारावा भाग) जाते. म्हणून या प्रयोगांतून औषधशास्त्राचे उत्तर मिळते, शरीरात रोज काय घडते त्याचे नव्हे.

आता रसायनाच्या गुणांकडे वळू. त्याचा सर्वांत मोठा गुण जाहिरातीत ठळकपणे सांगितलेला नसतो : ते अल्कोहोलशिवाय विरघळते. साधे एस्ट्रॅडिओल पाण्यात फारच थोडे विरघळत असल्याने ते इथेनॉलमध्ये विरघळवून प्रयोगपात्रात घालण्याची रीत आहे आणि ०.१ टक्का इथेनॉल सगळेच नगण्य मानतात. प्रत्यक्षात ०.१ टक्का इथेनॉल म्हणजे सुमारे १७ मिलिमोलर, अर्थात दर १०० मिलिलिटरमागे ७९ मिलिग्रॅम. आपल्याकडे वाहनचालकाच्या रक्तात कायद्याने चालणाऱ्या ३० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या अडीच पटींहून अधिक. अमेरिकेतील मेंफिस येथील डोपिको यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले आहे की मिलिमोलर पातळीचे इथेनॉल मेंदूच्या धमन्यांतील बीके चॅनेल दडपून त्या धमन्या आकुंचित करते. म्हणजे ज्या चॅनेलची परीक्षा घ्यायची, त्यालाच आपण आधी दारू पाजतो. सायक्लोडेक्स्ट्रिन या वलयाकार शर्करारेणूत गुंफलेले, पाण्यात विरघळणारे एस्ट्रॅडिओल हा पर्याय मिळतो, पण सायक्लोडेक्स्ट्रिनवर्गात पटलातील कोलेस्टेरॉल ओढून घेण्याचा गुण आहे आणि कोलेस्टेरॉलचा बीके चॅनेलवर स्वतंत्र परिणाम होतो. या दोन्ही कटकटी ई२-बीएसएने टळतात.

दोष मात्र गंभीर आहे. १९९९ मध्येच स्टीव्हिस आणि सहकाऱ्यांनी अशा संयुगांच्या द्रावणात अल्ब्युमिनला न जोडलेले, मोकळे एस्ट्रॅडिओल आढळल्याचे आणि ते गाळून काढता येत असल्याचे प्रसिद्ध केले. हिशेब करून पाहावा : १ मायक्रोमोलर द्रावणात शेकडा एक भाग जरी मोकळा असला, तरी ते १० नॅनोमोलर एस्ट्रॅडिओल झाले आणि नेहमीच्या एस्ट्रोजेन ग्राहीला (संप्रेरक ओळखणाऱ्या पेशीतील प्रथिनाला) चेतवायला त्याहून कितीतरी कमी पुरते. बीके चॅनेलसाठी १० नॅनोमोलर कदाचित अपुरे असेल, पण रक्तवाहिनीच्या आतील अस्तरपेशींत एस्ट्रोजेन ग्राहीमार्फत काही मिनिटांतच नायट्रिक ऑक्साइड तयार होऊ शकते आणि धमनी रुंदावते ती त्यामुळे. म्हणून चॅनेलविषयी बोलायचे असेल, तर धमनीतून हवेचा बुडबुडा सोडून अस्तर काढून टाकणे आणि बीके चॅनेल पॅक्सिलिन या रसायनाने बंद करून परिणाम जातो का ते पाहणे, ही दोन पथ्ये हे रसायन वापरतानाही सुटत नाहीत.

गाळण्याचे काम सोपे आहे, पण एका फेरीत होत नाही, कारण मोकळे एस्ट्रॅडिओल अल्ब्युमिनला बंधाशिवायही सैलसर चिकटून राहते. आम्ही द्रावण डेक्स्ट्रानयुक्त कोळशाबरोबर ठेवतो, कोळसा काढून टाकतो आणि मग १०,००० डाल्टनच्या सेंट्रिफ्यूज गाळणीत ताज्या बफरने पुनःपुन्हा धुतो. हे त्याच दिवशी, प्रयोगाच्या तोंडावर करावे. आदल्या दिवशी गाळून ठेवलेल्या द्रावणावर आमचा विश्वास नाही. यात थोडे रसायन वाया जाते आणि ते स्वस्त नाही, ही तक्रार रास्त आहे.

विकत घेताना जोड कुठे आहे, ते आवर्जून पाहावे. एका प्रकारात एस्ट्रॅडिओल सतराव्या कार्बनवरून एस्टर बंधाने जोडलेले असते, दुसऱ्यात सहाव्या कार्बनवरून ऑक्झाइमने. एस्टर बंध जिवंत ऊतींतील एस्टरेज विकरांनी तुटण्याचा धोका असतो; शिवाय सहाव्या कार्बनवरील जोडीत रेणूच्या दोन्ही टोकांचे हायड्रॉक्सिल गट मोकळे राहतात. धमनीसाठी दुसराच प्रकार घ्यावा. लेबलवरील संहतीचा घोळही लक्षात घेतला पाहिजे. एका अल्ब्युमिन रेणूवर साधारण ३० एस्ट्रॅडिओल असल्याने १ मिलिग्रॅम पावडरीत सुमारे १३ नॅनोमोल प्रथिन, पण ४०० नॅनोमोल एस्ट्रॅडिओल असते. शोधनिबंधात नुसते ‘१ मायक्रोमोलर’ लिहिलेले असेल आणि ते कशाचे हे सांगितले नसेल, तर त्या आकड्यात तीसपटीचा फरक दडलेला असू शकतो.

तुलनेसाठी न जोडलेले अल्ब्युमिन त्याच मात्रेत घालून पाहणे अनिवार्य आहे. नेहमीचा ग्राही बंद करण्यासाठी फुलव्हेस्ट्रंट वापरण्याचा मोह मात्र आवरावा, कारण हे प्रतिएस्ट्रोजेन औषध स्वतःच अनैच्छिक स्नायूंतील बीके चॅनेल उघडते. नियंत्रण प्रयोगच जिथे उत्तर बिघडवतो, अशी उदाहरणे या क्षेत्रात कमी नाहीत; टॅमॉक्सिफेनचीही हीच गत आहे.

स्टेरॉइड चॅनेलवर नेमके कुठे चिकटते, या एका प्रश्नासाठी मात्र हे रसायन घेऊच नये. लिथोकोलिक आम्ल या पित्तातील स्टेरॉइडचे बीटा-१ घटकावरील स्थान मेंफिसच्याच गटाने शोधले असून ते पटलाच्या आत, घटकाच्या दुसऱ्या पटलभेदी भागात, १६९ व्या थ्रिओनिनपाशी आहे. अवजड प्रथिनाला आखूड दोरीने बांधलेला रेणू बाहेरून अशा जागेपर्यंत पोहोचेल, असे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे ई२-बीएसएने परिणाम न दिसणे म्हणजे चॅनेलवर स्टेरॉइडचे स्थान नसणे नव्हे. अशा कामासाठी साधा स्टेरॉइड, पटलाचा सुटा तुकडा आणि पॅच क्लॅम्प (चॅनेलमधून जाणारा विद्युतप्रवाह मोजण्याचे तंत्र) हाच मार्ग योग्य आहे. बंध टिकाऊच हवा असेल, तर इलिनॉयमधील संशोधकांनी डेंड्रिमर या फांद्याफांद्यांच्या कृत्रिम रेणूला जोडून तयार केलेले एस्ट्रोजेन अधिक भरवशाचे आहे, पण ते केंद्रकाबाहेर राहते, पेशीबाहेर नव्हे, आणि चॅनेलच्या बाह्य अंगाविषयी त्यावरून काही ठरवता येत नाही. बाह्य अंगाच्या तेवढ्या एका प्रश्नासाठी, नीट गाळलेले आणि सहाव्या कार्बनवर जोडलेले ई२-बीएसए आम्ही पुन्हा मागवू. फक्त विक्रेत्याकडून त्या खेपेतील मोकळ्या एस्ट्रॅडिओलचे प्रमाण लेखी घेतल्याशिवाय नाही.