शर्यत आणि भटकंती एकाच प्रवासात: काही महिन्यांच्या अनुभवानंतर

भिंती, दोर, चिखल असे अडथळे पार करत धावायच्या अडथळ्यांच्या शर्यतीत उतरायचे आणि त्याच प्रवासात आजूबाजूचा निसर्गरम्य प्रदेश गाडीने पाहून यायचा, अशा सहली मी गेले काही महिने सातत्याने करत आले आहे. नव्याची नवलाई ओसरल्यानंतरच मत द्यावे, म्हणून हा अनुभव आता लिहिते आहे. माझे मत अनुकूल आहे, मात्र त्याला एक अट आहे. शर्यत आधी असावी, डोंगरदऱ्या नंतर असाव्यात आणि शर्यतीनंतरचे दोन दिवस शरीराची अवस्था ओळखून आखलेले असावेत.

या दोन गोष्टींची सांगड मुळातच चांगली बसते. इंग्लंडमध्ये १९८७ साली सुरू झालेली ‘टफ गाय’ ही शर्यत एका शेताच्या आवारात होत असे. २०१० साली अमेरिकेत ‘स्पार्टन’ आणि ‘टफ मडर’ या शर्यतींच्या मालिका सुरू झाल्यावर हा प्रकार दूरवर पसरला आणि हिवाळ्यात स्कीइंगसाठी वापरले जाणारे डोंगरउतार उन्हाळ्यात या शर्यतींचे मैदान होऊ लागले. जिथे चढ, चिखल आणि पाणी आयते मिळते, ती जागा बहुधा पाहण्याजोगीही असते. धावताना मात्र त्यातले जवळजवळ काहीच दिसत नाही, कारण नजर पुढच्या पावलावर खिळलेली असते. ज्या चढावर आपली दमछाक झाली, तोच डोंगर दुसऱ्या दिवशी समोरच्या रस्त्यावरून अख्खा दिसतो, तेव्हा होणारा आनंद मला नुसत्या पर्यटनात कधी मिळालेला नाही.

अंतर निवडताना पुढचा प्रवास लक्षात घ्यावा. स्पार्टनच्या ‘स्प्रिंट’मध्ये सुमारे ५ किलोमीटर आणि २० अडथळे, ‘सुपर’मध्ये १० किलोमीटर आणि २५ अडथळे, तर ‘बीस्ट’मध्ये २१ किलोमीटर आणि ३० अडथळे असतात. स्प्रिंट सकाळी आटोपली तर दुपारी थोडेफार फिरता येते. बीस्ट असेल तर तो दिवस शर्यतीलाच दिला असे धरून चालावे. एकवीस किलोमीटर म्हणजे अर्धमॅरेथॉनच, असा हिशेब मात्र करू नये. भिंती, दोर, वाळूची पोती आणि काटेरी तारेखालून सरपटणे यांत वेळ तर जातोच, शिवाय खांदे आणि कंबरही थकते.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा दुखण्याच्या वेळापत्रकाचा. शर्यत संपते त्या संध्याकाळी माणूस थकलेला असला तरी चालता-फिरता असतो, त्यामुळे आपण सावरलो असे वाटू लागते. स्नायूंचा खरा ठणका साधारण २४ ते ७२ तासांच्या दरम्यान टिपेला पोहोचतो. उतरताना मांडीचे स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार पेलतात आणि नेमके हेच काम त्यांना सर्वाधिक जाचते, म्हणून अशा वेळी पायऱ्या चढण्यापेक्षा उतरणे कितीतरी अवघड जाते. खाली दरीत उतरून पाहायचा धबधबा शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नये. त्या दिवशी तळ्याकाठचा सपाट रस्ता किंवा गाडीतून उतरताच समोर दिसणारा दरीचा देखावा ठेवला, तर हलक्या चालण्याने पायही मोकळे होतात आणि पाहण्यातही मन लागते. मोठी चढाई हवीच असेल, तर ती प्रवासाच्या अखेरीस ठेवावी.

गाडी चालवण्याचा विचार फारसा कोणी करत नाही, पण तो केला पाहिजे. मंकी बारवर, म्हणजे डोक्यावरच्या आडव्या दांड्यांना एकामागून एक धरत, लोंबकळून बोटांच्या मुळाशी तळहाताची कातडी सोलवटते आणि पुढे कित्येक तास मुठीत नेहमीचा जोर येत नाही. वळणावळणाच्या रस्त्यावर स्टिअरिंग फिरवताना ते नेमके त्याच सोललेल्या जागी घासते. त्यामुळे शर्यतीच्या दिवशी लांबचा पल्ला न गाठता जवळच मुक्काम करणे मला योग्य वाटते. पुढच्या प्रवासातही दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून चार पावले चालावे, नाहीतर पाय असे आखडतात की खाली उतरल्यावर सरळ उभे राहायला वेळ लागतो.

सामानात सर्वाधिक उपयोग झाला तो बुटांच्या दोन जोडांचा. खोल खाचांचे, पाणी पटकन निथळणारे बूट शर्यतीपुरते राखून ठेवावेत. डांबरी रस्त्यावर वापरले की त्या खाचा झिजतात आणि ओल्या उतारावरची पकड जाते. शर्यतीनंतर आतले तळ काढून बूट धुवावेत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि कागद भिजले की बदलत राहावेत. गाडीच्या हीटरसमोर ते वाळवू नयेत, कारण उष्णतेने तळव्याचा गोंद सुटू लागतो. माझा शर्यतीचा जोड अजून घट्ट आहे, त्याचे श्रेय मी याच शिस्तीला देते. याशिवाय आसनावर टाकायला जुनी चादर, झाकणाचा डबा आणि पिण्याखेरीज हातपाय धुण्यापुरते वेगळे पाणी गाडीत असावे.

चिखलाचे पाणी तोंडात जाऊ देऊ नये, ही सूचना मी फार गांभीर्याने घेते. २०१२ साली अमेरिकेतील नेवाडा राज्यात अशाच एका शर्यतीनंतर कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूमुळे अनेकांना जुलाबाचा त्रास झाला होता आणि गढूळ पाणी गिळण्याशी त्याचा संबंध आढळला होता. सहलीचे उरलेले दिवस अंथरुणात घालवायचे नसतील, तर पाण्याच्या खड्ड्यात ओठ मिटलेले ठेवावेत आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. कॉन्टॅक्ट लेन्स लावून अशा पाण्यात उतरू नये.

सोबत येणारा धावणार नसेल, तर त्याचाही विचार आधी करावा. प्रेक्षकांना कोणत्या अडथळ्यांपर्यंत जाता येते, हे पाहून भेटीची एक जागा ठरवावी आणि गाडीची किल्ली त्याच्याकडेच द्यावी. शर्यतीनंतरच्या पहिल्या टप्प्यात गाडी त्यानेच चालवली, तर सर्वांत उत्तम.