दाढीवाल्या स्पॉकनंतर पुढे काय बघायचं: फॅन लोकांनी केलेलं की स्टुडिओचं?

मावसभावाने परवा आयुष्यात पहिल्यांदा स्टार ट्रेक या जुन्या अमेरिकन अंतराळ मालिकेचा 'मिरर, मिरर' भाग बघितला आणि रात्री साडेबाराला मेसेज, "दादा, त्या दाढीवाल्याचं पुढे काय झालं?" आता हा प्रश्न लोक १९६७ पासून विचारतायत आणि त्याला एक नाही तीन उत्तरं आहेत, त्यातलं एक तर फॅन लोकांनीच वर्गणी काढून बनवलंय. त्याला एवढा मोठा मेसेज टाइप केला, तोच जरा नीट करून लिहितोय.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयन वादळात ट्रान्सपोर्टर (माणसांना क्षणात इकडून तिकडे पाठवणारं यंत्र) गंडतो आणि एंटरप्राइज जहाजाचा कॅप्टन कर्क आणि त्याचे सहकारी मॅककॉय, स्कॉटी, उहुरा असे चौघं उलट्या विश्वात जाऊन पडतात. तिकडे फेडरेशनच्या, म्हणजे ग्रहांच्या शांतताप्रिय संघाच्या, जागी टेरन साम्राज्य, वरच्याला मारायचं आणि त्याची खुर्ची घ्यायची हीच प्रमोशनची पद्धत, आणि प्रत्येकाच्या कमरेला छळ करायचं एक छोटं यंत्र, म्हणजे चूक झाली की आपलंच यंत्र काढून साहेबाच्या हातात द्यायचं, घ्या साहेब, द्या शिक्षा. कर्कचा उजवा हात स्पॉक तिथेही आहे, फ्रेंच कट दाढीसकट. निघताना आपला कर्क त्याला म्हणतो की तुझ्याच हिशोबाने हे साम्राज्य २४० वर्षांत कोसळणार आहे, मग तूच का नाही बदलत? स्पॉक म्हणतो, विचार करतो. संपलं.

फॅन लोकांचं उत्तर म्हणजे 'स्टार ट्रेक कंटिन्यूज' मालिकेतला तिसरा भाग, 'फेअरेस्ट ऑफ देम ऑल', जून २०१४ चा. ही मालिका २०१३ ते २०१७ चालली, एकूण ११ भाग, अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या किंग्जलँड गावात यांनी अख्खं एंटरप्राइज जहाज आतून उभं केलं होतं, आणि २०१३ मध्ये किकस्टार्टरवर सव्वा लाखाच्या वर डॉलर जमवले. भाग सुरू होतो तोच त्या ट्रान्सपोर्टर रूममध्ये. तोच सीन, तीच वाक्यं, फक्त नट नवे, आणि मग कॅमेरा आपल्या कर्कबरोबर परत न येता तिकडेच थांबतो! मला हे जाम आवडलं. मूळ भागात आपण सुटकेचा श्वास टाकून घरी येतो, इथे आपल्याला मागे ठेवलंय, आणि अदलाबदल संपून तिकडचा वाईटवाला कर्क परत येऊन खुर्चीत बसलाय.

चौकोनी फ्रेम, भिंतींवर जांभळा-हिरवा लाइट, सगळं १९६० च्या दशकासारखं, मुद्दाम. कर्क झालेला व्हिक मिन्योना मूळ कर्क शॅटनरच्या लकबी इतक्या उचलतो की पहिली दहा मिनिटं हसू येतं, नंतर सवय होते. स्कॉटी केलाय ख्रिस डूहानने, म्हणजे मूळ स्कॉटी जेम्स डूहान यांचा मुलगा, आणि जहाजाच्या कॉम्प्युटरचा आवाज मायकल डॉर्नचा, म्हणजे पुढच्या ट्रेक मालिकांतला आपला वॉर्फ. कमजोर जागा नेमकी स्पॉकचीच आहे पण. टॉड हेबरकॉर्न मेहनत घेतो, पण मूळ स्पॉक निमॉयचा तो खोल आवाज नाही म्हणजे नाहीच. आई मागून जाता जाता थांबली आणि म्हणाली, हा दाढीवाला चांगला का वाईट? पाऊण तास सगळा त्याच प्रश्नावर आहे खरं तर.

आता स्टुडिओचं. 'स्टार ट्रेक: एंटरप्राइज' मालिकेच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या सीझनमध्ये 'इन अ मिरर, डार्कली' म्हणून दोन भाग आहेत, एप्रिल २००५ चे. यात स्पॉक नाही, गोष्ट त्याच्या शंभरेक वर्षं आधीची, २१५५ ची. सुरुवात बघाच तुम्ही: माणसाची आणि व्हल्कनची (स्पॉकची परग्रही जमात) ती ऐतिहासिक पहिली भेट, व्हल्कन हात वर करून नमस्कार करतो आणि समोरचा माणूस, कॉक्रन, त्याला शॉटगनने उडवतो. बास, तिथून इतिहास वेगळा. (आपल्याकडे पानिपत जिंकलं असतं तर काय, हा खेळ खेळतात ना, तसंच, फक्त एका गोळीवर.) त्यानंतर टायटल्सपण बदललेली, नेहमीचं गोड गाणं गायब आणि सगळी लढाया-स्फोटांची दृश्यं.

गंमत अशी की या लोकांनीही १९६० च्या दशकातला तो ब्रिज, म्हणजे जहाजाची कंट्रोल रूम, परत बांधला, कारण मूळ मालिकेत हरवलेलं डिफायंट जहाज इथे आर्चरच्या, म्हणजे या मालिकेतल्या मुख्य पात्राच्या, हाती लागतं. पण तेच रंगीत दिवे आणि खटक्यांची बटणं आर्चरच्या टोळीला भविष्यातलं भयंकर शस्त्र वाटतं, आणि फॅन भागात तोच ब्रिज म्हणजे रोजचं ऑफिस. सेट सारखाच, पण बघताना एकदम वेगळं वाटतं. पैसा, फाइट, इफेक्ट यात स्टुडिओ पुढे आहे, त्यात वाद नाही. नट मोकाट सुटलेत आणि शेवटी गादीवर कोण बसतं ते सांगत नाही. फक्त एक आहे, सगळेच नालायक, त्यामुळे जीव कोणात गुंतत नाही.

तिसरं उत्तर 'डीप स्पेस नाइन' या दुसऱ्या ट्रेक मालिकेचं, 'क्रॉसओव्हर', १९९४. तिथे कळतं की स्पॉकने खरंच सुधारणा केल्या, आणि त्यामुळे साम्राज्य बेसावध राहून क्लिंगॉन आणि कार्डेशियन या परग्रही जमातींच्या युतीच्या ताब्यात गेलं, माणसं गुलाम. २४० वर्षं कुठली, शंभरएक वर्षांतच कारभार आटोपला! हे माहीत असताना फॅन भाग बघितला तर स्पॉकचं प्रत्येक शहाणं वाक्य अंगावर येतं. त्यानंतरचे डीप स्पेसचे मिरर भाग हळूहळू टाइमपास होत गेले, ते राहिले तरी चालतील.

तर स्पॉकचं काय झालं हीच खाज असेल तर आधी क्रॉसओव्हर, मग फॅन भाग, तो यूट्यूबवर फुकट आहे. नुसता धिंगाणा हवा असेल, किंवा घरात कोणी जुने पुठ्ठ्याचे सेट बघून हसणारं असेल, तर एंटरप्राइजचे दोन. आणि फॅन लोक याचा पुढचा भाग काढतील म्हणून थांबू नका, २०१६ मध्ये ट्रेकचे मालक सीबीएस-पॅरामाउंटने नियम काढले, फॅन फिल्म १५ मिनिटांची, फार तर दोन तुकडे, आणि सलग मालिका अजिबात नाही.

मावसभावाने अर्थात माझं न ऐकता एंटरप्राइजच आधी लावलं. वर विचारतो, टायटल्समध्ये काय वेगळं होतं? स्किप इंट्रो दाबलं होतं गाढवाने.