माळ्यावरच्या टीव्ही गेमच्या कॅसेटी: तशाच जपायच्या की आधी प्रत काढायची?

मिरजेच्या मावसभावाला दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर टीव्ही गेमच्या अकरा कॅसेटी सापडल्या. त्याने विचारलं, कॅसेटी नीट जपू की आतल्या गेमची संगणकावर प्रत काढू? दोन्ही करायला सवड नाही.

आधी कॅसेटी निवडून घ्या. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत आलेले टीव्ही गेम बहुतेक निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या १९८३ च्या फॅमिकॉम या गेमयंत्राची नक्कल होते. त्यांवरचा मारिओ जगभर हजारो ठिकाणी जपलेला आहे आणि जेमतेम ४० केबीचा आहे. त्याची प्रत काढण्यात रविवार घालवू नका. मोल आहे ते कंपनीचं नाव नसलेल्या ‘९९९९ इन १’ छाप कॅसेटींना. त्यांत एकाच गेमची नावं बदलून, रंग पालटून भरणा केलेला असतो, पण ती यादी कोणी बनवली याची नोंद बहुधा कुठेच नसते. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज विकत मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात दिसलं. तिथे निदान कंपनीचं नाव तरी माहीत असतं.

प्रत काढायला कॅसेट वाचणारं छोटं यंत्र यूएसबीला जोडतात. अडचण अशी, की या टीव्ही गेमला कॅसेटमधल्या प्रोग्रॅमचे एका वेळी ३२ केबीच दिसतात. मोठ्या कॅसेटमधलं सर्किट पुढचे तुकडे आलटून पालटून समोर आणतं आणि नकली कॅसेटवाल्यांनी ते आपापल्या पद्धतीने बनवलेलं असतं. म्हणून दोनदा वाचून दोन्ही फाइलींचा चेकसम, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळवा. तो जुळला तरी प्रत पूर्ण आहे असं नाही, त्यामुळे मेनूतला प्रत्येक गेम उघडून पाहाच.

मूळ वस्तूची बाजू बंदुकीच्या गेमला भक्कम आहे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदूक तो उजेड टिपते. हे पिक्चर ट्यूबवरच जमतं, एलसीडीवर चित्र उशिरा उमटतं. बंदूक असेल तर ट्यूबचा टीव्ही भंगारात देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

कॅसेट लागेना की आपण सगळ्यांनीच फुंकर मारली आहे. आता मारू नका, श्वासातल्या ओलाव्याने पिना गंजतात. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) इअरबडला लावून पुसा.

तरीही सांगली-मिरजेत माझं झुकतं माप प्रतीला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ आणि २०२१ लाही घरांत पाणी शिरलं. गाळात गेलेली कॅसेट परत येईलच असं नाही, पण फाइल पुण्यातल्या बहिणीकडेही ठेवता येते.

कायद्याचं थोडक्यात: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला बॅकअपची मुभा देतं. नकली कॅसेटला ती मुभा आहे असं गृहीत धरू नका, आणि फाइल सगळ्यांसाठी नेटवर टाकणं तर वेगळीच बाब.

भावाला मी सांगितलं, बिननावाच्या चार कॅसेटी आधी वाचून घे, बाकीच्या पुसून वरच्या मजल्यावर ठेव. स्टिकरचे दोन्ही बाजूंनी फोटो काढ. आणि त्या कुठल्या दुकानातून, किती रुपयांना आणल्या हे मावशीला आजच विचारून लिहून ठेव.